मुलांची ने-आण करणाऱ्या ताईच्या हाती गाडी देताना: विमा कसा तपासायचा, कुठली कव्हर घ्यायची, कुठे चुकतं

“आमच्या गाडीला फुल इन्शुरन्स आहे” एवढं म्हणून मुलं सांभाळणाऱ्या ताईच्या हाती किल्ली दिली जाते. आई-बाबा दोघंही ऑफिसात, शाळा एका टोकाला आणि पोहण्याचा क्लास दुसऱ्या टोकाला, ताईला गाडी येते. मग तिनेच ने-आण करावी हे स्वाभाविक आहे. पण पॉलिसी काढताना चालवणारे तुम्ही होता. आता चालवणारी पगारी आहे आणि मागे मुलं आहेत. एवढ्या बदलाने पॉलिसीतल्या तीन-चार ओळी अपुऱ्या पडतात आणि ते नेमकं अपघातानंतर कळतं.

हा लेख भारतातल्या खासगी कारपुरता आहे. परदेशात राहणाऱ्यांनी हे नियम तिथे लावू नयेत. इंग्लंडमध्ये स्वतःच्या गाडीतून मालकाची मुलं नेणाऱ्या नॅनीला पॉलिसीत व्यवसायासाठीचा वापर नोंदवावा लागतो. अमेरिकेत तुमची गाडी नियमित चालवणाऱ्याचं नाव विमा कंपनीला कळवावं लागतं. आपल्याकडे खासगी कारचा विमा मुख्यतः गाडीला चिकटलेला असतो. मालकाच्या परवानगीने, वैध लायसन्स असलेली कुणीही व्यक्ती ती चालवू शकते, त्यामुळे नाव नोंदवण्यावाचून सहसा अडत नाही. आपल्याकडे अडतं ते कव्हरवर.

खालचे टप्पे याच क्रमाने करा. बरेच जण थेट चौथ्या टप्प्यावर उडी मारतात, ॲड-ऑन विकत घेतात आणि मूळ पॉलिसी नुसती थर्ड पार्टी आहे हे त्यांना नंतर समजतं.

टप्पा १: कागद एकत्र आणा

आरसी, चालू पॉलिसीचं पूर्ण पीडीएफ आणि ताईचं लायसन्स समोर ठेवा. पॉलिसीचं फक्त पहिलं पान नको. हप्त्याचा तक्ता आणि शेवटी दिलेले एंडॉर्समेंट (मूळ पॉलिसीला जोडलेलं जादा कव्हर किंवा बदल) क्रमांक हवेत. एजंटने व्हॉट्सॲपवर पाठवलेला एका पानाचा फोटो पुरत नाही.

आता तीन गोष्टी जुळवा.

आरसीवरचं नाव आणि पॉलिसीवरचं नाव एकच आहे का? जुनी गाडी घेतली की आरसी नावावर होते, पण पॉलिसी पहिल्या मालकाच्याच नावावर राहते. कायद्याने थर्ड पार्टीचा भाग नव्या मालकाकडे आपोआप येतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र येत नाही. त्यासाठी गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा असतो.

गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल, तर त्याची नोंद आरसीवर आणि पॉलिसीवर, दोन्हीकडे आहे का?

गाडी कंपनीच्या नावावर किंवा लीजवर आहे का? असेल तर आधी कंपनीची लेखी परवानगी घ्या. घरच्या कामाला ठेवलेल्या व्यक्तीने ती गाडी चालवणं कंपनीच्या नियमांत बसतंच असं नाही.

टप्पा २: पॉलिसीचा प्रकार ओळखा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा थांबून वाचा.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. नुसता तेवढाच घेतला तर त्याला ‘लायेबिलिटी ओन्ली’ म्हणतात. त्यात रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाच्या दुखापतीची आणि मृत्यूची जबाबदारी येते. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची जबाबदारीही येते. खासगी कारसाठी तिची मर्यादा साधारणपणे ७.५ लाख रुपये असते. काही पॉलिसींत हप्ता थोडा कमी करून ती अवघ्या ६,००० रुपयांवर आणलेली असते, तीही ओळ बघा.

तुमच्या गाडीत बसलेली मुलं या पॉलिसीत नाहीत. खासगी कारमधून फुकट प्रवास करणारी व्यक्ती लायेबिलिटी ओन्ली पॉलिसीत ‘थर्ड पार्टी’ धरली जात नाही, असंच न्यायालयांनी मानलं आहे. पॅकेज पॉलिसीत, म्हणजे ज्याला आपण कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणतो त्यात, जबाबदारीच्या भागात गाडीत बसलेल्यांचा स्पष्ट उल्लेख असतो. अट एकच: त्यांच्याकडून भाडं घेतलेलं नसावं. पॅकेज पॉलिसीत प्रवासी येतात, हे विमा नियामकाने २००९ मध्ये परिपत्रक काढून कंपन्यांना बजावलं होतं.

म्हणजे मुलं गाडीत असणार असतील, तर लायेबिलिटी ओन्लीवर गाडी ताईच्या हाती देऊ नका. गाडी दहा वर्षांची झाली, आता कशाला फुल इन्शुरन्स, असा विचार करून बरेच जण थर्ड पार्टीवर येतात. पत्र्याच्या हिशोबाने तो विचार ठीक आहे, पण मागच्या सीटवरच्या मुलांचं संरक्षणही त्याबरोबर जातं.

सावधान: नव्या कारला सप्टेंबर २०१८ पासून थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा घ्यावा लागतो, पण गाडीच्या नुकसानीचा भाग बहुतेकदा एकच वर्षाचा असतो. कागदावर तीन वर्षांची तारीख बघून लोक निश्चिंत राहतात आणि दुसऱ्या वर्षी गाडीच्या नुकसानीचं कव्हर नसतंच. दोन्ही भागांच्या तारखा वेगवेगळ्या लिहून काढा. पहिल्या वर्षानंतर गाडीच्या नुकसानीची वेगळी पॉलिसी घेतली असेल, तर प्रवाशांची जबाबदारी नक्की कुठल्या पॉलिसीत आहे हे पाचव्या टप्प्यातल्या मेलमध्ये विचारा.

टप्पा ३: ताईचं लायसन्स पडताळा आणि पुरावा ठेवा

लायसन्सचा फोटो घेणं म्हणजे पडताळणी नाही. परिवहन विभागाच्या सारथी पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर क्रमांक आणि जन्मतारीख टाकून बघा. ताईला सोबत बसवून बघा, कारण माहिती तिची आहे. तीन गोष्टी पाहा: एलएमव्ही (हलकं मोटार वाहन, म्हणजे कार) वर्ग आहे का, वैधता कधीपर्यंत आहे, लायसन्स निलंबित तर नाही ना. फक्त गिअर नसलेल्या दुचाकीचं लायसन्स असून कार चालवणाऱ्या व्यक्ती आपल्याला वाटतात त्यापेक्षा बऱ्याच असतात.

पडताळणीचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा. त्याचं कारण आहे. नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्ण सिंग या २००४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की चालकाचं लायसन्स खोटं किंवा अवैध निघालं एवढ्यावर विमा कंपनीची सुटका होत नाही. मालकाने वाजवी काळजी घेतली नाही हे कंपनीला दाखवावं लागतं. ते दाखवता आलं, तर अनेकदा कंपनी जखमी व्यक्तीला भरपाई देते आणि ती रक्कम नंतर तुमच्याकडून वसूल करते. तुम्ही काळजी घेतली होती हे सांगायला तो स्क्रीनशॉट लागतो.

लर्निंग लायसन्सवर मुलांना पाठवू नका. शिकणाऱ्याच्या शेजारी प्रशिक्षक म्हणून पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती बसलेली असावी लागते, आणि मुलांच्या ने-आणीत ती व्यक्ती बसणार नसतेच.

लायसन्स नसलेल्या व्यक्तीला गाडी देण्याचा दंड मालकालाही आहे. कलम १८० खाली ५,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

तपासा: लायसन्स संपण्याची तारीख तुमच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये घाला, एक महिना आधीच्या आठवणीसह. तारीख लक्षात ठेवण्याची जबाबदारी एकट्या ताईवर टाकू नका.

मग एक दिवस तिच्या शेजारी बसून तोच रस्ता, त्याच वेळेला, एकदा जा. शाळा सुटतानाची गर्दी, गेटसमोरची डबल पार्किंग, यू-टर्न, सगळं त्यात आलं पाहिजे. विम्याच्या कागदात याला जागा नाही, पण माझ्या मते हे टाळू नये.

टप्पा ४: चार कोष्टकं भरा

एक कागद घ्या आणि चार मथळे लिहा: बाहेरचा माणूस, गाडी, मुलं, ताई. प्रत्येकाखाली पॉलिसीतली नेमकी ओळ लिहा. ओळ सापडली नाही तर कव्हर नाही असंच धरा.

*बाहेरचा माणूस.* थर्ड पार्टी. तारीख चालू असली की झालं.

*गाडी.* स्वतःच्या नुकसानीचा भाग. झीरो डेप्रिसिएशन (झीरो डेप, म्हणजे सुट्या भागांचा घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर प्लास्टिक, रबर आणि एअरबॅगच्या किमतीतून ५० टक्के कापले जातात. १५०० सीसीपर्यंतच्या कारला दर क्लेममागे किमान १,००० रुपये आणि त्याहून मोठ्या कारला २,००० रुपये तुमच्या खिशातून जातात. शाळेच्या गर्दीत बंपर आणि आरसेच जास्त फुटतात, तेव्हा झीरो डेप घेतलेलं बरं.

*मुलं.* पॅकेज पॉलिसीत मुलांची भरपाई मिळते, पण ती चालकाची चूक सिद्ध झाल्यावर आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून. त्याला वेळ लागतो. म्हणून त्यावर ‘पीए टू अननेम्ड पॅसेंजर’, म्हणजे नाव न नोंदवलेल्या प्रवाशांसाठीचं वैयक्तिक अपघात कव्हर घ्या. ते गाडीच्या बैठक क्षमतेनुसार मिळतं. नेहमीच्या पॉलिसीत माणशी २ लाखांपर्यंत घेता येतं आणि एक लाखाला माणशी साधारण ५० रुपये हप्ता पडतो.

सावधान: हे कव्हर मृत्यू आणि ठरावीक कायमच्या अपंगत्वालाच पैसे देतं. हात मोडला, टाके पडले, चार दिवस दवाखान्यात राहावं लागलं, तर त्यातून सहसा काहीच मिळत नाही. तो खर्च आरोग्य विम्यातून निघतो. मुलाचं नाव कुटुंबाच्या आरोग्य पॉलिसीत खरंच घातलेलं आहे का, ते आजच बघा. धाकट्याचं नाव घालायचं राहून गेलेलं असतं.

*ताई.* सगळ्यांत दुर्लक्षित कोष्टक हेच. पॉलिसीत १५ लाखांचं सक्तीचं अपघात कव्हर दिसतं आणि लोकांना वाटतं की चालवणाऱ्याला ते मिळतं. ते मिळतं ‘ओनर-ड्रायव्हर’ला, म्हणजे आरसीवर नाव आणि स्वतःचं वैध लायसन्स असलेल्या मालकाला. ताईला त्यातला एक रुपयाही मिळत नाही. ‘अननेम्ड पॅसेंजर’मधून पगारी चालक वगळलेला असतो, म्हणजे तिथेही ती नाही.

तिच्यासाठी दोन वेगळ्या ओळी आहेत. पहिली ‘एलएल टू पेड ड्रायव्हर’ (पगारी चालकाबद्दलची कायदेशीर जबाबदारी), एंडॉर्समेंट आयएमटी २८; आयएमटी म्हणजे मोटार विम्याच्या एंडॉर्समेंटचे ठरलेले क्रमांक. गाडी चालवण्यासाठी ठेवलेल्या माणसाला कामावर असताना इजा झाली, तर मालक म्हणून तुमच्यावर येणारी भरपाईची जबाबदारी त्यात येते. दुसरी आयएमटी २९: पगारी ड्रायव्हर सोडून तुमचा जो नोकर तुमच्या खासगी कारमधून प्रवास करतो किंवा ती चालवतो, त्याच्याबद्दलची जबाबदारी.

आता ताई कशात बसते? तिचं मुख्य काम मुलं सांभाळणं आणि गाडी चालवणं त्यातला एक भाग. क्लेमच्या वेळी “ही पेड ड्रायव्हर नाही” असा वाद निघायला ही फट पुरेशी आहे. दोन्ही एंडॉर्समेंट घ्या, किंवा कोणती लागू होते हे कंपनीकडून लेखी घ्या. हप्ता नगण्य आहे. माणशी साधारण ५० रुपयांच्या घरात, वर कर. एवढ्यासाठी वाद ओढवून घेण्यात अर्थ नाही.

हे कव्हर तुमची कायदेशीर जबाबदारी पेलतं. तिच्या हातात ठरावीक रक्कम पडावी असं वाटत असेल, तर पगारी चालकासाठीचं अपघात कव्हर, आयएमटी १७, वेगळं मागा. शिवाय तिच्या बँक खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना सुरू करून द्या. वर्षाला २० रुपये, १८ ते ७० वय, अपघाती मृत्यूला २ लाख. जून ते मे असं योजनेचं वर्ष असतं आणि मे महिन्यात खात्यात पैसे नसतील तर ती बंद पडते. तुमच्या घरासाठी रोज रस्त्यावर उतरणाऱ्या माणसासाठी एवढं करायलाच हवं.

टप्पा ५: विमा कंपनीला लेखी विचारा

एजंटचं “हो हो, सगळं कव्हर आहे” कुठेच टिकत नाही. पॉलिसीवर छापलेल्या ईमेलवर विचारा. भाषा इंग्रजी ठेवलीत तरी मुद्दे हेच राहू द्या:

“माझी खासगी कार माझ्याकडे पगारावर असलेली, वैध एलएमव्ही लायसन्स असलेली व्यक्ती माझ्या परवानगीने चालवते. माझ्या मुलांना शाळेत आणि क्लासला नेणे-आणणे हे तिच्या कामाचा भाग आहे. मुलांच्या प्रवासाचे कोणाकडूनही पैसे घेतले जात नाहीत. १) हा वापर माझ्या पॉलिसीच्या ‘वापराच्या मर्यादां’त बसतो का? २) गाडीतील मुलांबाबतची जबाबदारी पॉलिसीच्या कोणत्या कलमात आहे? ३) या व्यक्तीसाठी आयएमटी २८ लागू होते की २९? लागू होणारे एंडॉर्समेंट आजपासून जोडावे, फरकाचा हप्ता कळवावा.”

पॉलिसी क्रमांक आणि गाडीचा नंबर घालायला विसरू नका. पॉलिसी मध्यावर असली तरी एंडॉर्समेंट जोडण्याची विनंती करता येते, नूतनीकरणापर्यंत थांबू नका.

तपासा: सुधारित पॉलिसीच्या तक्त्यात त्या एंडॉर्समेंटच्या नावाची ओळ आणि तिच्यापुढे रक्कम दिसली पाहिजे. पैसे भरल्याची पावती म्हणजे एंडॉर्समेंट नव्हे.

टप्पा ६: शेजारच्या मुलांचं आधीच ठरवा

सोसायटीतली दोन मुलं त्याच शाळेत आहेत. ताई नेतेच आहे, तर त्यांनाही बसवू, पेट्रोलचे महिन्याला काही पैसे घेऊ. हेतू चांगला असतो, पण पॉलिसीच्या दृष्टीने इथे सगळं बदलतं.

खासगी कारच्या पॉलिसीत भाड्याने किंवा मोबदला घेऊन केलेला वापर वगळलेला असतो. महिन्याला ठरावीक रक्कम घेऊन इतरांची मुलं नेणं त्यात ओढलं जाऊ शकतं. पॅकेज पॉलिसीत प्रवाशांना मिळणारं संरक्षणही ‘भाडं न घेता’ या अटीवरच असतं, म्हणजे तुमच्या मुलांचंही कव्हर वादात येतं. शिवाय परवान्याशिवाय खासगी गाडी प्रवासी वाहतुकीला वापरल्याचा ठपका आला, तर कलम १९२अ खाली १०,००० रुपये दंड आणि कैदेची तरतूद आहे. महाराष्ट्रात शाळेच्या मुलांच्या वाहतुकीला २०११ चे स्कूल बसचे स्वतंत्र नियम आहेत आणि ते तुमच्या हॅचबॅकसाठी नाहीत.

मुलं न्यायची असतील तर फुकट न्या आणि त्यांच्या आई-बाबांची लेखी संमती घ्या. आज आम्ही, उद्या तुम्ही अशी पाळी लावली तर सगळ्यांत उत्तम. आरसीवर पाच जणांची क्षमता असेल तर चालकासकट पाचच. १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर कलम १९४ब खाली १,००० रुपये दंड आहे. दंड सोडा, ती सीट गाडीत कायमची बसवून ठेवा, रोज काढायची-घालायची असेल तर एक दिवस राहतेच.

टप्पा ७: ताईची स्वतःची गाडी किंवा स्कूटर असेल तर

तेव्हा वरचं सगळं तिच्या पॉलिसीला लावून बघायचं, तुमच्या नाही. तुमच्या पॉलिसीचा तिथे काही संबंध नसतो. दुचाकींचा विमा बहुतेकदा नुसता थर्ड पार्टी असतो आणि मागे बसलेलं मूल त्यात येत नाही. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर न्यायचं तर फेब्रुवारी २०२३ पासून हार्नेस आणि हेल्मेट सक्तीचं आहे, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. माझं मत स्पष्ट आहे: मुलांच्या रोजच्या ने-आणीसाठी ताईची स्कूटर वापरू नका. तिची कार असेल तर पॅकेज पॉलिसीच्या हप्त्यातला फरक तुम्ही द्या, आणि पाचव्या टप्प्यातला प्रश्न तिच्या विमा कंपनीला तिच्याकडून विचारून घ्या.

टप्पा ८: अपघात झाला तर काय करायचं, हे ताईला आधी सांगा

एक कागद लॅमिनेट करून गाडीच्या कप्प्यात ठेवा. त्यावर पॉलिसी क्रमांक, विमा कंपनीचा टोल फ्री नंबर, तुमचे दोघांचे नंबर, मुलांचे रक्तगट. आणि हा क्रम:

१. मुलं आणि जखमी माणूस आधी. ११२ किंवा १०८.
२. जखमीला मदत करणं आणि २४ तासांत पोलिसांना कळवणं ही चालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. निघून जायचं नाही.
३. सुरक्षित असेल तर दोन्ही गाड्यांचे, नंबर प्लेटचे आणि रस्त्याचे फोटो.
४. तुम्हाला फोन. मग विमा कंपनीला फोन, त्याच दिवशी.
५. कुणाला पैसे द्यायचे नाहीत, कुठल्या कागदावर सही करायची नाही, “माझीच चूक” असं लिहून द्यायचं नाही.
६. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने (नुकसान तपासणाऱ्याने) बघेपर्यंत गॅरेजमध्ये काम सुरू करायचं नाही.

सावधान: गाडी ताई चालवत होती आणि क्लेम फॉर्मवर “मी चालवत होतो” असं लिहायचा मोह होतो. कधी गॅरेजवालाच तसं सुचवतो. हे कधीही करू नका. शाळेच्या गेटवरचा सीसीटीव्ही, फोनचं लोकेशन, पोलिसांची नोंद, कशातूनही ते उघडं पडतं आणि जो क्लेम सरळ मिळाला असता तो खोट्या माहितीमुळे नाकारला जातो. ताईचं लायसन्स वैध असेल तर लपवण्यासारखं काहीच नाही.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबई आणि पुण्यातही आहेत, फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

टप्पा ९: नूतनीकरणाच्या वेळी

ऑनलाइन नूतनीकरणात ‘मागच्या वर्षीप्रमाणेच’ वर क्लिक केलं तरी पगारी चालकाची खूण कधी कधी गळते, खास करून कंपनी बदलताना. पैसे भरण्याआधी चौथ्या टप्प्यातला कागद समोर घ्या आणि चारही ओळी नव्या कोटेशनमध्ये शोधा. ताई बदलली तर तिसरा टप्पा पहिल्यापासून, नव्या लायसन्ससह. आठवडाभरासाठी बदली म्हणून तिची बहीण येणार असली, तरीही.